मैफल ऑन, मोबाइल ऑफ!

समजा, चिंचवडच्या प्रा. रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहात मैफल आहे. तानपुरे जुळलेत, दिवे मंदावलेत, गायिकेने षड्ज लावलाय. आणि तिसऱ्या रांगेतून आवाज येतो, 'हॅलो, हां बोल, प्रोग्रॅमला आलोय!' झालं, मूडचा पार कचरा!

चाकण ते भोसरी दिवसभर प्रेस शॉपची धडधड आणि हायवेवरचे हॉर्न. फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट, हिंजवडीवाल्यांचे रात्रीचे कॉल. यातून कुणी दोन तास वाचवून गाणं ऐकायला येतो आणि त्याच्या नशिबी येते शेजाऱ्याची रिंगटोन. त्यानं चिडायचं नाही तर काय?

ओळखा पाहू, यातले तुम्ही कोण?

कॅमेरामन: हात वर, स्क्रीन फुल ब्राइट. मागच्या चार रांगांना कलाकार दिसतो तो यांच्याच मोबाइलमध्ये.

कॉमेंटेटर: 'हा यमन ना?' हा प्रश्न आलापातच पडतो. मग ऑफिसचं अप्रेझलही निघतं.

फर्माइशवीर: राग रंगात आला की हे ओरडणार, 'अभंग होऊ द्या!'

पार्किंगवाले: भैरवी सुरू झाली की यांना गाडी आठवते. पायांवर पाय देत निघतात.

आता म्हणाल, एवढं काय त्यात? विलंबित ख्यालात कलाकारापुढे लिहिलेलं पान नसतं. बंदिश ठरलेली असते, पण पुढचा आलाप तिथंच सुचत असतो. एकदा धागा तुटला की तो तसाच परत सापडत नाही. म्हणूनच किशोरीताई आमोणकर श्रोत्यांच्या शिस्तीबाबत कडक होत्या. नाटकवाल्यांचंही दुखणं हेच. २०१९ मध्ये 'अश्रूंची झाली फुले'च्या प्रयोगात फोन वाजत राहिले, तेव्हा वैतागलेल्या सुबोध भावेंनी नाटकात काम न करण्याची भाषा केली होती.

मग काय, पुतळ्यासारखं बसायचं?

मुळीच नाही! समेवर 'वाह' निघालीच पाहिजे. नाट्यसंगीताला 'वन्स मोअर'ची परंपराच आहे. रॉक शोला तर गळा फाटेपर्यंत ओरडा, गाणी सोबत म्हणा, तिथे तीच दाद. प्रश्न आवाजाचा नाहीच, तो गाण्यात मिसळतो की गाणं कापतो, याचा आहे.

शेजारच्या पुण्यात पंडित भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव बघा. तिथे हजारो माणसं येतात, खातात, गप्पा मारतात. पण त्यासाठी मंडपाबाहेर स्टॉल आहेत. गप्पा तिकडे, गाणं इकडे. सोपा हिशेब!

एवढं कराच

- फोन सायलेंट नको, बंदच. व्हायब्रेशनही शांत हॉलमध्ये ऐकू येतं.
- ऑन-कॉल असाल तर कडेची खुर्ची घ्या.
- उशीर झाला तर एक चीज संपेपर्यंत दारात थांबा.
- फोटो हवाच? सुरुवातीला एक, फ्लॅशशिवाय.
- पिल्लू कंटाळलं तर त्याला बाहेर फिरवून आणा. रागावू नका, त्याची चूक नाही.
- शेजारी बोलतोय? चीज संपल्यावर हसून सांगा. भांडण हा तिसरा आवाज होतो!

शॉप फ्लोअरवर एकाच्या बेफिकिरीने अख्खी लाइन थांबते, हे आपल्या पट्ट्यात कुणाला शिकवायला नको. हॉलमध्येही तसंच असतं राव. फरक इतकाच, इथली थांबलेली लाइन रीस्टार्ट होत नाही.