पाहुण्याच्या कमरेचे पिस्तूल

(लेखमाला : पन्नास राज्यांचा संसार. लेखांक नववा)

फिलाडेल्फिया शहर आणि न्यू जर्सी राज्य यांच्यामध्ये डेलावेअर नदी वाहते. पूल ओलांडायला पाच-सात मिनिटे पुरतात, पण तेवढ्या वेळात कायदा पुरता पालटतो. ऑक्टोबर २०१३ मध्ये फिलाडेल्फियाची एक तरुण आई गाडीने न्यू जर्सीत गेली. पिस्तूल लपवून जवळ बाळगण्याचा पेन्सिल्व्हेनियाचा रीतसर परवाना तिच्याकडे होता. रहदारीच्या किरकोळ कारणावरून पोलिसाने गाडी थांबवली, तेव्हा आपल्याजवळ पिस्तूल आहे हे तिने आपणहून सांगितले आणि परवानाही दाखवला. न्यू जर्सीच्या लेखी तो कागद निरर्थक होता. विनापरवाना पिस्तूल बाळगणे हा तिथे गंभीर गुन्हा, आणि तिच्यासमोर किमान साडेतीन वर्षांच्या कैदेची शक्यता उभी राहिली. बराच गाजावाजा झाल्यावर सरकारी वकिलांनी भूमिका बदलली आणि एप्रिल २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस ख्रिस्टी यांनी तिला माफी दिली. तेव्हापासून ‘एका राज्याचा शस्त्रपरवाना सगळ्या राज्यांत चालला पाहिजे’ असे म्हणणारा प्रत्येक जण हे उदाहरण पुढे करतो. उदाहरण बिनतोड आहे. त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष मात्र बरोबर नाही, असे मला वाटते.

आपल्याकडच्या वाचकाला हा सगळा घोळ विचित्र वाटेल. भारतात शस्त्रे आणि दारूगोळा हा राज्यघटनेच्या केंद्रसूचीतला विषय आहे, १९५९ चा शस्त्र कायदा देशभर एकच आहे आणि परवाना कोणत्या हद्दीपुरता चालेल हे परवान्यावरच लिहिलेले असते. अमेरिकेत याच्या उलट आहे. शस्त्र बाळगण्याचा हक्क संघराज्याच्या घटनेतल्या दुसऱ्या दुरुस्तीने दिलेला, पण ते अंगावर घेऊन रस्त्यावर फिरण्याचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे. मागच्या लेखांकात आपण ‘ब्रुएन’ निकाल पाहिला. ‘तुम्हाला पिस्तुलाची खास गरज आहे हे आधी पटवून द्या’ असे नागरिकाला सांगण्याचा अधिकार जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांकडून काढून घेतला. परवाना पद्धत मात्र रद्द केली नाही. पूर्वेतिहासाची तपासणी, प्रशिक्षण, बोटांचे ठसे या अटी राज्ये ठेवू शकतात. फक्त अटी पुऱ्या करणाऱ्याला नकार देता येत नाही. दुसऱ्या राज्यातून आलेल्या माणसाचे काय, हा प्रश्न त्या निकालासमोर नव्हताच.

या प्रश्नाला पन्नास राज्यांनी दिलेली उत्तरे पाहिली की डोके गरगरते. काही राज्ये कोणाचाही परवाना मानतात. काही राज्ये ‘तुम्ही आमचा माना, आम्ही तुमचा मानतो’ असा करार करतात. त्यालाच परस्पर मान्यता म्हणतात. कोलोरॅडो आणि मिशिगन दुसऱ्या राज्याचा परवाना मानतात, पण परवानाधारक त्याच राज्याचा रहिवासी असला तरच. इलिनॉय तर परवाना मानतच नाही. या जंजाळातून वाट काढण्यासाठी जन्माला आला तो अनिवासी परवाना. यूटा आणि फ्लोरिडा ही राज्ये आपल्या हद्दीत न राहणाऱ्यांनाही परवाना देतात. यूटाचा अभ्यासवर्ग यूटाबाहेरही करता येतो, आणि त्यात प्रत्यक्ष गोळी झाडून दाखवण्याची अट नाही. त्यामुळे जन्मात यूटाला पाय न लावलेल्या हजारो लोकांच्या खिशात यूटाचा परवाना आहे. यूटासाठी तो त्यांनी काढलेला नाही. यूटाचा परवाना ज्या ज्या राज्यांत चालतो, त्या राज्यांसाठी काढलेला आहे. सगळ्यांत गमतीची गोष्ट व्हरमाँटची. तिथे परवान्याची अट कधी नव्हतीच, म्हणून राज्य परवाने छापतही नाही. परिणाम असा की शस्त्राच्या बाबतीत सर्वांत मोकळ्या राज्याच्या रहिवाशाकडे शेजारी दाखवायला कागदच नसतो. त्याला बाहेर जायचे तर दुसऱ्याच कुठल्या तरी राज्याचा अनिवासी परवाना काढावा लागतो.

इथे मूळ प्रश्न विचारायला हवा : परवाना म्हणजे नेमके काय? पदवी असते तसे ते एकदा मिळवून भिंतीवर टांगायचे प्रमाणपत्र असेल, तर ते दुसऱ्या राज्याने नाकारणे हा आडमुठेपणाच. पण परवाना म्हणजे परवाना देणाऱ्याने घेणाऱ्यावर ठेवलेली चालू नजर असेल, तर गोष्ट बदलते. २०१९ मध्ये सातव्या सर्किटच्या अपील न्यायालयापुढे इलिनॉयचा खटला आला, तेव्हा हा फरक स्वच्छ दिसला. इलिनॉय आपल्या रहिवासी परवानाधारकांची नावे राज्याच्या गुन्हेनोंदी आणि मानसिक आरोग्याच्या नोंदी यांच्याशी रोज पडताळून पाहते. काल एखाद्यावर घरगुती हिंसेचा गुन्हा नोंदला गेला, तर आज परवाना काढून घेता येतो. परराज्यातल्या माणसाच्या बाबतीत ही माहिती इलिनॉयला मिळतच नाही. म्हणून ज्या राज्यांचे कायदे आपल्या कायद्याशी बरेचसे जुळतात, तेवढ्याच मोजक्या राज्यांच्या रहिवाशांना ते आपल्याकडे अर्ज करू देते. न्यायालयाने बहुमताने हा नियम उचलून धरला. नियम कडक आहे, अनेक राज्यांच्या निर्दोष रहिवाशांवर तो अन्याय करतो हेही खरे. पण त्यामागचा मुद्दा खोडून काढता येत नाही : दुसऱ्याने दिलेला परवाना मानणे म्हणजे दुसऱ्याच्या पहाऱ्यावर आपल्या दाराची भिस्त ठेवणे.

आणि हा पहारा किती राजकीय असतो, हेही बघा. पेन्सिल्व्हेनियात ज्यांना परवाना नाकारला जाई, त्यांतले काही जण फ्लोरिडाचा अनिवासी परवाना काढून आपल्याच गावात बिनधास्त पिस्तूल घेऊन फिरत. कारण पेन्सिल्व्हेनिया फ्लोरिडाचा परवाना मानत असे. घरच्या दाराने नाही तर शेजाऱ्याच्या गच्चीवरून आत! राज्याच्या ॲटर्नी जनरल कॅथलीन केन यांनी २०१३ मध्ये ही वाट बंद केली आणि फ्लोरिडाचा परवाना फ्लोरिडावासीयांपुरताच मान्य ठेवला. व्हर्जिनियात डिसेंबर २०१५ मध्ये ॲटर्नी जनरल मार्क हेरिंग यांनी पंचवीस राज्यांशी असलेली मान्यता रद्द करत असल्याचे जाहीर केले. त्यांच्या अटी आपल्याइतक्या कडक नाहीत, हे कारण. महिनाभरात गव्हर्नर टेरी मॅकऑलिफ यांनी विरोधकांशी तडजोड केली आणि बदल्यात दुसरे काही कायदे पदरात पाडून घेऊन ती मान्यता पुन्हा बहाल केली. म्हणजे एखाद्या माणसाचे कृत्य गुन्हा ठरणार की नाही, हे त्याच्या वर्तनावर नव्हे, तर निवडणुकीत कोण आले आणि विधिमंडळात कशाच्या बदल्यात काय सुटले यावर ठरते. प्रवाशाने दर महिन्याला नकाशा तपासून घराबाहेर पडावे ही अपेक्षा कोणत्याही सुसंस्कृत कायद्याला शोभणारी नाही. परस्पर मान्यतेच्या पुरस्कर्त्यांचा हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे.

त्यांचा उपाय मात्र रोगापेक्षा भारी आहे. देशभर मान्यता सक्तीची करणारा कायदा काँग्रेसने करावा, असे ते म्हणतात. सिनेटमध्ये २००९ साली अशी सूचना ५८ विरुद्ध ३९ आणि २०१३ साली ५७ विरुद्ध ४३ मतांवर अडकली, कारण साठ मते लागत होती. ६ डिसेंबर २०१७ रोजी प्रतिनिधीगृहाने २३१ विरुद्ध १९८ मतांनी विधेयक मंजूर केले. सिनेटने ते हाती घेतले नाही. जानेवारी २०२५ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाचे रिचर्ड हडसन यांनी ते पुन्हा मांडले. या विधेयकातली मेख अशी की त्यात परवानाही आवश्यक नाही. आपल्या राज्यात विनापरवाना पिस्तूल बाळगण्याची मुभा असलेला माणूस नुसत्या छायाचित्रासह असलेल्या ओळखपत्रावर दुसऱ्या राज्यात ते बाळगू शकेल. अशी मुभा देणारी राज्ये २०२४ पर्यंत एकोणतीस झाली आहेत. शिवाय कोणत्याही राज्याचा परवाना चालणार, म्हणजे अनिवासीही चालणार. देशातल्या सर्वांत सैल राज्याचा नियम असा प्रत्यक्षात सगळ्या देशाचा नियम होईल. एरवी वॉशिंग्टनने राज्यांच्या कारभारात नाक खुपसू नये म्हणून घसा कोरडा करणारे रिपब्लिकन इथे वॉशिंग्टनला हाका मारतात, आणि राज्यांच्या हक्कांचे स्तोत्र अचानक डेमोक्रॅट म्हणू लागतात. तत्त्वाची पगडी सोयीप्रमाणे फिरवण्यात दोन्ही बाजू तरबेज.

‘वाहन चालवण्याचा परवाना चालतो, मग हा का नाही?’ हा सर्वांत लोकप्रिय युक्तिवाद. वरवर पाहता तो निरुत्तर करणारा आहे. जरा खरवडला की उलटतो. वाहन परवाना देशभर चालतो तो काँग्रेसने सक्ती केली म्हणून नव्हे, प्रत्येक राज्याने आपल्या कायद्याने तो मानला म्हणून. राज्यांनी तो मानला, कारण वाहन चालवायला परवाना लागतोच आणि त्यासाठी परीक्षा द्यावी लागतेच, हे सगळीकडे सारखे आहे. ‘विनापरवाना वाहन चालवा’ असे म्हणणारी एकोणतीस राज्ये नाहीत. शिवाय वाहनचालकांची राष्ट्रीय नोंद आहे आणि परवाना रद्द झालेल्या चालकाचे नाव ती नोंद पाहणाऱ्या दुसऱ्या राज्याला सापडते. पिस्तुलांच्या बाबतीत १९८६ च्या संघीय कायद्याने शस्त्रधारकांची राष्ट्रीय नोंदवही ठेवायलाच मनाई केली. त्याच कायद्याने प्रवाशाला एक दिलासाही दिला. दोन्ही टोकांना शस्त्र कायदेशीर असेल, तर मधल्या राज्यातून ते गोळ्या काढून आणि हाताला लागणार नाही असे बंद करून नेता येते. नजर ठेवायला बंदी आणि वाटेत संरक्षण, दोन्ही एकाच कायद्याच्या पोटात. ज्यांना वाहन परवान्याचा दाखला हवा, त्यांनी त्याच्यासोबतची परीक्षा आणि नोंदही घ्यायला हवी. तेवढ्यापुरते ते गप्प असतात. ‘एका राज्यात झालेला विवाह सगळीकडे मानला जातो, मग परवाना का नाही?’ असे म्हणणाऱ्यांनी वकिली आणि डॉक्टरकीचे परवाने आठवावेत. तेही व्यक्तीच्या कर्तबगारीची पावती आहेत, पण राज्याची सीमा ओलांडली की तिथल्या मंडळापुढे उभे राहावे लागते.

यावरचे खरे वजनदार उत्तर वेगळे आहे : वकिली हा घटनेने नाव घेऊन दिलेला हक्क नाही, शस्त्र बाळगणे आहे, आणि हक्क राज्याच्या सीमेवर खुंटीला टांगून ठेवता येत नाही. हे मला पटते. म्हणूनच इलिनॉयसारखे अनेक राज्यांच्या रहिवाशांना अर्जच करू न देणे ‘ब्रुएन’नंतर टिकणे कठीण दिसते. पण हक्क सीमेपलीकडे सोबत येतो याचा अर्थ घरचे नियमही सोबत येतात असा होत नाही. ११ मार्च २०२५ रोजी मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यू हॅम्पशायरच्या दोन रहिवाशांच्या दोन प्रकरणांत एकाच दिवशी हा फरक नेमका टिपला. परराज्यातल्या माणसाला परवाना देणे न देणे अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडणारा जुना नियम घटनाबाह्य ठरला. अटी पुऱ्या केल्या की परवाना द्यावाच लागेल असा नवा नियम वैध ठरला, आणि तो परवाना न काढताच आलेल्या पाहुण्याचा बचाव फेटाळला गेला. माझे म्हणणे नेमके हेच आहे. अनिवासी परवान्याला आज पळवाटेची कळा आली आहे, कारण तो तिसऱ्याच राज्यासाठी काढला जातो. ज्या राज्यात जायचे त्याच राज्याने तो दिला, रहिवाशाच्याच अटींवर आणि वाजवी वेळात दिला, तर प्रवाशाचा हक्क आणि यजमानाचा पहारा दोन्ही शाबूत राहतात. शाळांभोवती हजार फुटांत बंदुकीला बंदी घालणारा संघीय कायदाही हाच धागा धरतो. त्यातली परवानाधारकाची सवलत ती शाळा ज्या राज्यात आहे त्या राज्याच्या परवान्यालाच मिळते, शेजाऱ्याने मानलेल्या परवान्याला नाही. परस्पर मान्यतेवर विसंबून गावातून गाडी नेणारे किती जण हे जाणत असतील, देव जाणे.

मग काय पन्नास परवाने काढायचे? कोणीच पन्नास राज्यांत रोज जात नाही. ज्याची नोकरी नदीपलीकडे आहे, त्याला दोन पुरतात. मधल्या प्रवासाला १९८६ चा कायदा आहे. गैरसोय उरते, ती मी नाकारत नाही. दुसरा आक्षेप आकड्यांचा : टेक्सासचे सार्वजनिक सुरक्षा खाते दरवर्षी प्रसिद्ध करते त्या यादीत परवानाधारकांच्या गुन्ह्यांचा वाटा फार लहान दिसतो. बरोबर, पण ते टेक्सासने तपासलेल्या लोकांचे आकडे आहेत. त्यांवरून तपासणीचे समर्थन होते, तपासणीशिवाय सर्वांना मोकळे सोडण्याचे नाही. न्यू जर्सीतल्या एडिसन गावाच्या आसपास स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनी यात एक गोष्ट वेगळी लक्षात ठेवावी. एच-१बी व्हिसावर असलेल्याला, शिकारीचा परवाना असणे यासारखे काही अपवाद सोडले, तर संघीय कायद्यानुसार बंदूक बाळगताच येत नाही. ग्रीन कार्ड हाती आल्यावरच हा सगळा वाद त्याच्या दारात येतो.

आता पुन्हा त्या पुलावर जाऊ. २०१३ मध्ये त्या आईने न्यू जर्सीचा अनिवासी परवाना काढायचे ठरवले असते तर? कागदावर सोय होती. पण अर्जदाराला ‘समर्थनीय गरज’ सिद्ध करावी लागे, आणि सामान्य माणसाची गरज तिथल्या अधिकाऱ्यांना क्वचितच समर्थनीय वाटे. ते भिंतीवर रंगवलेले दार होते. तिच्यावर अन्याय झाला तो न्यू जर्सीने पेन्सिल्व्हेनियाचा कागद मानला नाही म्हणून नाही, स्वतःचा कागद मिळण्याची खरी वाट ठेवली नाही म्हणून. ‘ब्रुएन’नंतर ती अट गेली. न्यूयॉर्क शहरानेही २०२४ मध्ये परराज्यातल्या अर्जदारांना खिडकी उघडली. आता वाद उरतो तो खिडकीपुढच्या रांगेचा. मॅसॅच्युसेट्स रहिवाशाला सहा वर्षांपर्यंतचा परवाना देते, पाहुण्याला एका वर्षाचा. दरवर्षी नवे शुल्क, नवा अर्ज. ‘ब्रुएन’च्या एका तळटीपेत न्यायालयाने बजावले आहे की फार लांबलेली प्रतीक्षा किंवा भरमसाट शुल्क यांमुळे परवाना पद्धतच घटनेच्या कसोटीत अडकू शकते. एक वर्ष आणि सहा वर्षे यांतला फरक त्या तळटीपेत बसतो का, हे पुढच्या लेखांकात.