हिवाळ्यापुरतं घर : भाड्याचं की मालकीचं?

निफाडकडे थंडीत काही रात्री पारा ५ अंशांखाली उतरतो. कोरडी, गार हवा दम्याला वाईट. आमच्या अम्मी तर रात्र बसून काढतात. डॉक्टर म्हणाले, डिसेंबर ते फेब्रुवारी गुहागरकडे न्या. मग घरात वाद सुरू झाला : तिथं घर घ्यावं की भाड्यानं राहावं?

मंडळी, आपण राहणार तीन महिने, घर मात्र बाराही महिने उभं. कोकणात पावसाळ्यात ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस. त्याआधी कौलं शाकारायची; शिवाय बंद खोल्यांतली ओल, वाळवी, खाऱ्या वाऱ्यानं गंजलेल्या कड्या. हे बघायला माणूस हवा, त्याला पगार हवा. ‘आपलं घर’ हे शब्द गोड, हे कवीला कुणी सांगायला नको! पण जमलेला फंड भिंतींत गेला, तर औषधांना काय?

आणि तिथली हवा अम्मींना मानवेल का, हे राहिल्याशिवाय कळणार कसं?

भाड्यानं घेतलं तरी कागद हवाच. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेला लागतो. ती जबाबदारी घरमालकाची. ओळखीचा असला तरी भिडेपोटी सोडू नये.

यंदा आम्ही भाड्यानंच निघालोय. तळमजला, आतलं न्हाणीघर, जवळ दवाखाना, एवढंच पाहिलं. समुद्र दिसतो का, हे अम्मींनी विचारलंही नाही.