विश्लेषण : नागपूरमध्ये तीन वर्षे राहिलेले रेव्हरंड जेम्स लॉसन कोण होते? अमेरिकेतील वर्णभेदविरोधी लढ्याला त्यांनी अहिंसेचे ‘प्रशिक्षण’ कसे दिले?

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीचा विषय निघाला की डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचे नाव आधी येते. पण या चळवळीतील तरुणांना मार खाऊनही हात उचलायचा नाही, हे प्रत्यक्ष सरावातून शिकवणारे शिक्षक होते मेथॉडिस्ट पाळक रेव्हरंड जेम्स लॉसन. ९ जून २०२४ रोजी लॉस एंजेलिसमध्ये वयाच्या ९५व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या घडणीत नागपूरचा वाटा मोठा होता. तुरुंगवास, विद्यापीठातून हकालपट्टी, सफाई कामगारांचा संप अशा वळणांनी गेलेल्या त्यांच्या सेवेविषयी...

जेम्स लॉसन कोण होते?

लॉसन यांचा जन्म २२ सप्टेंबर १९२८ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील युनियनटाऊन येथे झाला. ते ओहायो राज्यातील मॅसिलॉन या गावात वाढले. वडीलही मेथॉडिस्ट परंपरेतील पाळक होते. अन्याय निमूट सोसायचा नाही, अशा बाण्याचे वडील प्रसंगी स्वतःजवळ पिस्तूल बाळगत. आई फिलेन मात्र कोणत्याही हिंसेच्या विरोधात होत्या. लहानपणी एका गोऱ्या मुलाने वर्णावरून शिवी दिली, तेव्हा जेम्सने त्याच्या थोबाडीत मारली. घरी आल्यावर अभिमानाने ही गोष्ट सांगितली, तेव्हा आईने शांतपणे विचारले, की त्याने काय साधले? यापेक्षा चांगला मार्ग असला पाहिजे, असे त्या म्हणाल्या. आपल्या आयुष्याची दिशा त्या दिवशी ठरली, असे लॉसन पुढे अनेकदा सांगत.

मेथॉडिस्ट पंथ म्हणजे काय?

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली यांनी सुरू केलेल्या धर्मजागृतीच्या चळवळीतून हा प्रोटेस्टंट पंथ उभा राहिला. ऑक्सफर्डमधील वेस्ली बंधू आणि त्यांचे सोबती प्रार्थना, अभ्यास, तुरुंगातील कैद्यांच्या भेटी हे सारे ठरलेल्या शिस्तीने करत, म्हणून त्यांना ‘मेथॉडिस्ट’ असे चिडवले जाई. पुढे तेच नाव रूढ झाले. १७३९ पासून वेस्ली यांनी खाणकामगारांसमोर उघड्या मैदानात प्रवचने सुरू केली. १७७४ मध्ये त्यांनी गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका लिहिली. अमेरिकी मेथॉडिस्ट पद्धतीत पाळकाची नेमणूक बिशप करतात आणि पाठवतील त्या गावी त्याला जावे लागते.

मात्र याच चर्चवर वर्णभेदाचा डागही होता. गुलामगिरीच्या प्रश्नावरून १८४४ मध्ये अमेरिकेतील मेथॉडिस्ट चर्च उत्तर आणि दक्षिण असे दुभंगले. १९३९ मध्ये ते पुन्हा एकत्र आले, पण कृष्णवर्णीय मंडळ्यांसाठी वेगळा विभाग करून. बाकीचे विभाग भौगोलिक होते, हा एकच वर्णावर आधारलेला होता. ही व्यवस्था १९६८ पर्यंत टिकली. म्हणजे लॉसन ज्या चर्चचे पाळक झाले, त्या चर्चच्या रचनेतच तो भेद होता, ज्याच्याविरुद्ध ते रस्त्यावर लढत होते.

त्यांना तुरुंगात का जावे लागले?

बॉल्डविन-वॉलेस महाविद्यालयात शिकताना लॉसन यांनी शांततावादी नेते ए. जे. मस्टी यांचे भाषण ऐकले आणि ते ‘फेलोशिप ऑफ रिकन्सिलिएशन’ या संघटनेचे सदस्य झाले. गांधीजींविषयीचे त्यांचे वाचन याच काळात वाढले. कोरियन युद्धासाठी सक्तीची सैन्यभरती सुरू झाली, तेव्हा धर्मसेवेचा उमेदवार म्हणून त्यांना सवलत मिळू शकली असती. ती त्यांनी मागितली नाही. भरतीच्या यंत्रणेशी सहकार्य करण्यासच नकार दिल्याने १९५१ मध्ये त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. सुमारे १३ महिन्यांनी ते सुटले.

नागपूरशी त्यांचा संबंध कसा आला?

सुटकेनंतर १९५३ मध्ये मेथॉडिस्ट मिशन मंडळाने त्यांना नागपूरला पाठवले. तेव्हा नागपूर ही मध्य प्रदेशची राजधानी होती. १८८३ मध्ये सुरू झालेल्या आणि स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांचे नाव असलेल्या हिस्लॉप कॉलेजात ते विद्यार्थ्यांना खेळांचे प्रशिक्षण देत आणि त्यांच्यात धर्मसेवेचे कामही करत. गांधीजींची हत्या होऊन अवघी पाच वर्षे झाली होती. सेवाग्राम आश्रम तिथून सुमारे ७५ किलोमीटरवर. पुस्तकांतून वाचलेला सत्याग्रह प्रत्यक्षात कसा उभा राहिला, त्यासाठी किती तयारी लागली, हे त्या चळवळीत वावरलेल्या माणसांकडून समजून घेण्याची संधी त्यांना भारतात मिळाली.

डिसेंबर १९५५ मध्ये ‘नागपूर टाइम्स’मध्ये त्यांनी एक बातमी वाचली. अलाबामा राज्यातील माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी बसगाड्यांवर बहिष्कार घातला होता आणि त्यांचे नेतृत्व किंग नावाचा तरुण पाळक करत होता. ज्याची वाट पाहत होतो ते मायदेशात सुरू झाले, या जाणिवेने लॉसन हरखून गेले. १९५६ मध्ये ते परतले आणि ओबर्लिन येथे धर्मशास्त्राचे पुढील शिक्षण घेऊ लागले. तिथे फेब्रुवारी १९५७ मध्ये किंग व्याख्यानाला आले. दोघेही तेव्हा २८ वर्षांचे. शिक्षण संपवून दक्षिणेत काम करण्याचा बेत लॉसन यांनी सांगितला, तेव्हा किंग यांनी त्यांना थांबू नका, आताच या, असा आग्रह केला. लॉसन यांनी तो मानला आणि १९५८ मध्ये ते टेनेसी राज्यातील नॅशव्हिलला गेले.

नॅशव्हिलच्या कार्यशाळांत काय शिकवले जाई?

नॅशव्हिलच्या दुकानांत कृष्णवर्णीयांना खरेदी करता येई, पण त्याच दुकानातील खाद्यपदार्थांच्या काउंटरवर बसून खाता येत नसे. लॉसन यांनी क्लार्क मेमोरियल मेथॉडिस्ट चर्चमध्ये विद्यार्थ्यांसाठी कार्यशाळा सुरू केल्या. येशूची शिकवण, गांधीजींचे सत्याग्रह, जगातील अहिंसक लढे यांचा तिथे अभ्यास होई. त्यानंतर सराव. काही विद्यार्थी काउंटरवर बसलेल्या आंदोलकांची भूमिका घेत, काही गोऱ्या गुंडांची. शिव्या देणे, तोंडावर सिगारेटचा धूर सोडणे, खुर्चीवरून खाली ओढणे असे सगळे केले जाई. मार पडू लागला तर डोके कसे वाचवायचे, सोबत्याला वाचवायला मध्ये कसे जायचे, समोरच्याच्या नजरेला नजर कशी द्यायची, हे घोटून घेतले जाई.

सराव इतका कशासाठी? अंगावर कोणी धावून आले की माणूस पळतो किंवा उलट मारतो, हे स्वाभाविक आहे. तिसरा मार्ग आपोआप सुचत नाही. तो आधी अंगवळणी पडावा लागतो, असे लॉसन यांचे म्हणणे होते. अहिंसा म्हणजे हळवेपणा किंवा सहनशीलता नव्हे, तर शिस्त आणि डावपेच असलेली लढाईची पद्धत आहे, अशी त्यांची मांडणी होती. जॉन लुईस, डायेन नॅश, जेम्स बेव्हेल, बर्नार्ड लाफायेट, मॅरियन बॅरी हे या कार्यशाळांतून तयार झालेले विद्यार्थी. लुईस पुढे काँग्रेस सदस्य झाले, तर बॅरी वॉशिंग्टनचे महापौर.

१३ फेब्रुवारी १९६० रोजी नॅशव्हिलमध्ये ठिय्या आंदोलन सुरू झाले. २७ फेब्रुवारीला जमावाने विद्यार्थ्यांना मारहाण केली आणि पोलिसांनी अटक केली ती मार खाणाऱ्यांना, सुमारे ८० जणांना. बाहेर कृष्णवर्णीय ग्राहकांनी बाजारपेठेवर बहिष्कार घातला. १९ एप्रिलला आंदोलकांचे वकील झेड. अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर बॉम्ब टाकण्यात आला. त्याच दिवशी हजारोंचा मूक मोर्चा नगरपालिकेवर गेला. तिथे डायेन नॅश यांनी थेट प्रश्न विचारल्यावर, असा भेदभाव चुकीचा असल्याचे महापौर बेन वेस्ट यांनी सर्वांसमोर मान्य केले. १० मे रोजी शहरातील सहा दुकानांनी काउंटर सर्वांसाठी खुले केले.

विद्यापीठाने त्यांना का काढून टाकले?

लॉसन त्या वेळी व्हँडरबिल्ट विद्यापीठात धर्मशास्त्र शिकत होते. आंदोलनामागे त्यांचा हात असल्याची टीका स्थानिक वृत्तपत्रातून सुरू झाली आणि मार्च १९६० मध्ये विद्यापीठाने त्यांना काढून टाकले. त्याच्या निषेधार्थ धर्मशास्त्र विभागाच्या अधिष्ठात्यांसह अनेक प्राध्यापकांनी राजीनामे दिले. लॉसन यांनी पदवी बोस्टन विद्यापीठातून पूर्ण केली. पुढे व्हँडरबिल्टने आपली चूक मान्य केली आणि २००६ मध्ये त्यांना अतिथी प्राध्यापक म्हणून सन्मानाने बोलावले. त्यांच्या नावाची अहिंसा अभ्यास संस्थाही आज तिथे आहे. ज्या संस्थेने दार बंद केले तिच्याशी कायमचे वैर धरायचे नाही, हे लॉसन यांनी स्वतःच्या बाबतीतही पाळले. आपली कागदपत्रे त्यांनी याच विद्यापीठाला दिली.

सफाई कामगारांच्या संपात त्यांची भूमिका काय होती?

१९६२ मध्ये लॉसन यांची नेमणूक टेनेसीतीलच मेम्फिस शहरातील सेंटेनरी मेथॉडिस्ट चर्चमध्ये झाली. १ फेब्रुवारी १९६८ रोजी तिथे पावसापासून आडोसा घेण्यासाठी कचरागाडीच्या मागील भागात बसलेले एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन सफाई कामगार कचरा दाबणारे यंत्र अचानक सुरू झाल्याने चिरडून ठार झाले. १२ फेब्रुवारीपासून सुमारे १३०० कामगार संपावर गेले. जवळपास सगळे कृष्णवर्णीय. पूर्णवेळ काम करूनही अनेकांना सरकारी मदतीवर अवलंबून राहावे लागे, इतकी मजुरी तुटपुंजी. ‘मी माणूस आहे’ एवढेच लिहिलेले फलक घेऊन ते रोज मोर्चा काढत.

संपाला पाठिंबा देणाऱ्या पाळकांच्या व नागरिकांच्या समितीचे नेतृत्व लॉसन करत होते. त्यांनीच किंग यांना मेम्फिसला बोलावले. २८ मार्चच्या मोर्चात दुकानांच्या काचा फुटल्या, पोलिसांनी लाठ्या व अश्रुधुराचा मारा केला आणि लॅरी पेन हा १६ वर्षांचा मुलगा पोलिसांच्या गोळीने मरण पावला. मोर्चा बिघडतो आहे हे दिसताच लॉसन यांनी तो थांबवला. शांततापूर्ण मोर्चा काढून दाखवायचाच, या निर्धाराने किंग पुन्हा आले. ३ एप्रिलच्या भाषणात त्यांनी लॉसन यांच्या कार्याचा नाव घेऊन गौरव केला. दुसऱ्या दिवशी लॉरेन मोटेलमध्ये त्यांची हत्या झाली. १६ एप्रिलला पालिकेने कामगार संघटनेला मान्यता आणि पगारवाढ दिली.

अहिंसेचा मार्ग पुढे मागे पडला का?

लॉसन यांनी १९६० मध्ये ज्या विद्यार्थी संघटनेचे (एसएनसीसी) उद्दिष्टपत्र लिहिले, तीच १९६६ नंतर ‘ब्लॅक पॉवर’च्या घोषणेकडे वळली. मार खाणाऱ्यांनीच किती काळ संयम ठेवायचा, हा तरुणांचा प्रश्न होता आणि तो गैरलागू नव्हता. किंग यांच्या हत्येने तो अधिक तीव्र झाला. लॉसन यांनी मार्ग बदलला नाही. हत्येबद्दल शिक्षा भोगणारा जेम्स अर्ल रे याला ते तुरुंगात भेटत राहिले आणि १९७८ मध्ये त्याचे तुरुंगातील लग्नही त्यांनीच लावले. रे याने हे एकट्याने केले, यावर त्यांचा विश्वास नव्हता. पण पाळक म्हणून कैद्याला नाकारायचे नाही, ही भूमिका त्याहून जुनी होती.

उर्वरित आयुष्यात त्यांनी काय केले?

१९७४ ते १९९९ या काळात ते लॉस एंजेलिसमधील होलमन युनायटेड मेथॉडिस्ट चर्चचे पाळक होते. तिथे हॉटेलांतील कामगार, इमारतींची झाडलोट करणारे, स्थलांतरित मजूर यांच्या संघटनांना त्यांनी नॅशव्हिलच्याच पद्धतीने शिकवले. त्यासाठी ते पुन्हा पुन्हा अटकही झाले. समलिंगी व्यक्तींना चर्चमध्ये समान स्थान मिळावे, यासाठी ते स्वतःच्या पंथाशीही भांडले. निवृत्तीनंतर कॅलिफोर्निया विद्यापीठात ते अहिंसेचा विषय शिकवत. तेथील कामगार केंद्राच्या इमारतीला २०२१ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

त्यांच्या सेवेचे महत्त्व काय?

रविवारचे प्रवचन आणि सोमवारचा मोर्चा यांत लॉसन यांनी फरक केला नाही. गांधीजींचा सत्याग्रह अमेरिकेत त्यांच्याआधीही अनेकांनी अभ्यासला होता. लॉसन यांनी तो सामान्य विद्यार्थ्यांना आणि कामगारांना शिकता येईल असा केला. निषेधाला गर्दी जमवणे आता मोबाइलमुळे सोपे झाले आहे. पण चिथावणी आल्यावर ती गर्दी कशी वागेल, हे आधी झालेल्या तयारीवर ठरते. नॅशव्हिलमध्ये ती तयारी अनेक महिने चालली होती, म्हणून तिथला ठिय्या टिकला. मेम्फिसच्या २८ मार्चच्या मोर्चात तशी तयारी नसलेले अनेक जण सामील झाले होते, आणि त्याची किंमत चळवळीला मोजावी लागली.