उंदीर केव्हाच बरा झाला

सिकलसेलवरच्या जनुकोपचाराचा इतिहास नागपुरात बसून वाचला, की त्यातल्या तारखा टोचतात. डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी नागपुरातून ‘लॅन्सेट’मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद केली ती 1958 साली. जेमतेम वर्षभर आधी व्हर्नन इंग्रॅमने या आजाराचं मूळ शोधलं होतं: हिमोग्लोबिनमध्ये एक अमिनो आम्ल बदलतं आणि तेवढ्यानं तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. म्हणजे कारण तेव्हाच कळलं होतं. उपचार मात्र सलाईन, रक्त आणि वेदनाशामक एवढेच.

1997 मध्ये अमेरिकेत माणसाचं सिकल हिमोग्लोबिन असलेले उंदीर तयार झाले. 2001 मध्ये फिलिप लबूल्श यांच्या गटानं, एचआयव्हीच्या कुळातला पण निरुपद्रवी केलेला विषाणू वापरून, अशा उंदरांच्या मूळपेशींत विळा रोखणारं जनुक घातलं. पेशींचं वाकणं कमी झालं, सुजलेली प्लीहा ओसरली. उंदीर बरा झाला. पॅरिसमधल्या पहिल्या मुलाला असा उपचार मिळायला 2014 उजाडलं. ‘कॅसजेव्ही’ या जनुक कापणाऱ्या उपचाराला ब्रिटन-अमेरिकेत परवानगी मिळाली 2023 च्या शेवटी. अमेरिकेतली किंमत 22 लाख डॉलर!

या मधल्या काळात नागपूरच्या मेडिकल कॉलेजमध्ये काय चाललं होतं? डॉ. दीप्ती जैन यांचा गट हायड्रॉक्सियुरिया ही कॅन्सरवरची जुनी गोळी लहान मुलांना किलोमागे 10 मिलिग्रॅम अशा कमी मात्रेत देऊन पाहत होता. 2012 मध्ये निष्कर्ष छापून आले. क्रायसिस, म्हणजे हाडं पिळवटणाऱ्या कळा, स्पष्टपणे कमी झाल्या होत्या. गंमत अशी, की ही गोळी गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढवते आणि कॅसजेव्हीही जनुक कापून तेच साधते. विदर्भातल्या सिकलसेल असलेल्या मुलांचे दिवस सुसह्य केले ते या गोळीनं, हे माझं मत आहे. जनुकोपचाराच्या मथळ्यांत तिला जागा मिळत नाही.

नोव्हेंबर 2025 मध्ये दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेचा ‘बिरसा 101’ हा सिकलसेलवरचा देशी जनुकोपचार जाहीर झाला. तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे गेलं. किंमत उतरेलही. पण सुधारलेल्या पेशी रुजवण्याआधी जुनी अस्थिमज्जा रिकामी करावी लागते. उंदरांच्या बाबतीत ते काम किरणोत्सर्गाच्या एका मात्रेत भागतं. गडचिरोलीच्या मुलासाठी त्याचा अर्थ तीव्र केमोथेरपी, संसर्गाची धास्ती, पुढे मूल न होण्याची शक्यता आणि घरापासून दूर, प्रत्यारोपणाची सोय असलेल्या शहरात काही आठवडे.