अर्थशास्त्राच्या एम. ए. ला प्रवेश मिळेल काय ?

बीड जिल्ह्यांतील विद्यार्थ्यास उच्च शिक्षणाची वाट पूर्वीं फार लांबची होती. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत. हैदराबादेस १९१८ सालीं उस्मानिया विद्यापीठ निघालें, परंतु तेथें शिक्षणाची भाषा उर्दू. १९५८ सालीं मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें तेव्हां ही वाट जवळ आली. पुण्याची गोखले संस्था तर १९३० ची. दिल्लीचें 'स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स' १९४९ चें. द्वारें पुष्कळ आहेत. त्यांपैकीं कोणतें ठोठवावें, हा प्रश्न मात्र अर्जाचें शुल्क व प्रवासखर्च ऊसतोडीच्या अगर कोरडवाहू शेतीच्या मिळकतींतून भागवावयाचा असल्यानें साऱ्या घराचा होतो.

पालक बहुधा प्रथम विचारतात, "अर्ज किती येतात ?" आमच्या मतें हा आंकडा भिवविण्यापलीकडे फारसें कांहीं करीत नाहीं, कारण अर्जदारांत तयारीवांचून बसणारेहि असतात. त्याऐवजीं मागील दोनतीन वर्षीं शेवटचा प्रवेश कितव्या क्रमांकावर मिळाला तें पाहावें, व तेंहि आपल्या प्रवर्गाच्या ओळींत. मग जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवावी. 'जॅम' परीक्षेंत अर्थशास्त्र हा विषय २०२१ पासून आहे : तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण. पहिल्या विभागांत चुकीच्या उत्तरास गुण वजा होतात. तेव्हां अंदाजानें ठोकलेलीं उत्तरें निराळीं मोजावीं. अशा कांहीं पत्रिकांतील उत्तम गुण नव्हे, तर साधारण गुण हेच आपले खरे गुण समजावे.

खरी अडचण गणिताची आहे. कलाशाखेकडे जाणारे पुष्कळजण दहावीनंतर गणितास कायमचा रामराम ठोकतात, आणि पदवीनंतर प्रश्नपत्रिका हातीं आली म्हणजे गांगरतात. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या परीक्षेंत तर गणितावांचून पाऊलच पुढें पडत नाहीं. वास्तविक भिण्यासारखें त्यांत थोडें आहे. शेतांत खताचें एक पोतें अधिक घातल्यास उत्पन्न कितीनें वाढेल, व पुढच्या पोत्यानें तितकेंच वाढेल कीं कमी, हें शेतकरी नित्य ताडतो. विकलन म्हणजे तेंच मोजण्याची रीत. म्हणून एकविसाव्या वर्षींच्या प्रवेशाचा बराच निकाल सोळाव्या वर्षीं, अकरावीचे विषय निवडतांनाच लागतो. ज्यांनीं गणित सोडलें आहे त्यांनीं पदवीच्या पहिल्या वर्षींच अकरावी-बारावीचीं पुस्तकें उघडावीं.

डॉ. आंबेडकरांस १९०७ च्या मॅट्रिकमध्यें ७५० पैकीं २८२ गुण होते. १९१३ सालीं बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबियास गेले, १९१५ त एम. ए. झाले, आणि १९२३ त लंडनची डी. एस्सी. मिळविली. यावरून गुण निरर्थक असें कोणीं समजूं नये. मध्यें १९१२ ची पदवी होती, आणि शिष्यवृत्तीहि होती. पण जुन्या गुणपत्रिकेवरून मुलीस वा मुलास घरीं बसविणें हा अदमास नव्हे.

आमची सूचना इतकीच, कीं अर्ज तीन ठिकाणीं करावे : एक आपल्या गुणांहून वरचढ, एक बरोबरीचें, आणि एक जेथें जागा बहुतेक मिळेलच असें, या तिसऱ्याची चौकशी आपल्याच विद्यापीठांत प्रथम करावी.