हिम, हिमनदी आणि गोठलेली जमीन

आकाशातून पडते ते हिम आणि हिमनदीच्या पोटात असतो तो बर्फ. दोन्ही पाण्याचीच घनरूपे असली, तरी त्यांच्यामध्ये बराच प्रवास असतो. ताज्या, भुसभुशीत हिमाचे वजन घनमीटरला साधारण 50 ते 100 किलो भरते. बाकी सगळी हवा. वर नवे थर साचत गेले की स्फटिकांची टोके झिजतात, कण गोलसर होऊन एकमेकांना चिकटतात. एक उन्हाळा पार करून टिकलेल्या अशा रवाळ हिमाला ‘फर्न’ म्हणतात. घनता 830 किलोच्या आसपास पोचली की कणांमधल्या हवेच्या वाटा बंद होतात आणि हवा बुडबुड्यांत कोंडली जाते. तिथून पुढे तो हिमनदीचा बर्फ. अंटार्क्टिकातील बर्फाच्या गाभ्यांमधल्या याच बुडबुड्यांमुळे 8 लाख वर्षांपूर्वीपर्यंतच्या हवेतील कार्बन डायऑक्साइड मोजता आला.

बर्फाचा हा साठा स्वतःच्या भाराने उताराकडे सरकू लागला की तो हिमनदी ठरतो. वरच्या संचयनक्षेत्रात हिमाची भर पडते, खालच्या क्षयक्षेत्रात बर्फ वितळतो. जिथे जमा आणि खर्च सारखे होतात ती समतोलरेषा. ही रेषा वर्षानुवर्षे वर चढत राहिली, तर हिमनदी आटत आहे असे खुशाल समजावे. वाटेत खरवडलेले दगडगोटे आणि माती हिमनदी काठांवर व टोकाशी आणून टाकते, त्या ढिगांना हिमोढ म्हणतात. सुमारे 30 किलोमीटर लांबीच्या गंगोत्री हिमनदीचा गोमुखाकडचा भाग दगडमातीने इतका झाकलेला आहे की वरवर पाहता तो बर्फ वाटतच नाही. या आवरणाच्या जाडीवर बरेच काही ठरते. पातळ थर ऊन शोषून वितळण्याचा वेग वाढवतो, जाड थर मात्र खालच्या बर्फाला उन्हापासून राखतो.

गोठलेली जमीन हे प्रकरण याहून वेगळे. सलग दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ शून्य अंश सेल्सिअस वा त्याखाली राहिलेल्या जमिनीला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. कसोटी तापमानाची; बर्फ असलाच पाहिजे असे नाही, कोरडा खडकही पर्माफ्रॉस्ट असू शकतो. तिच्या वरचा ‘सक्रिय थर’ दर उन्हाळ्यात सुटतो आणि हिवाळ्यात पुन्हा गोठतो. सायबेरियातील याकुत्स्क येथे फ्योदर शेर्गिन याने 1828 साली पाण्यासाठी विहीर खणायला घेतली. 1837 पर्यंत 116 मीटर खोल जाऊनही पाणी लागले नाही, जमीन गोठलेलीच निघाली. पाण्याच्या दृष्टीने विहीर वाया गेली, पण पुढे मिडेनडॉर्फ या संशोधकाने तिच्यात उतरून निरनिराळ्या खोलींवर तापमान मोजले आणि या विषयाच्या अभ्यासाला पक्का आधार मिळाला.

भारतात हे भेद जिवावर बेततात. 7 फेब्रुवारी 2021 रोजी चमोलीत आलेल्या लोंढ्याला ‘हिमनदी फुटली’ असे सर्रास म्हटले गेले. प्रत्यक्षात रोंती शिखराच्या उतारावरून सुमारे 2.7 कोटी घनमीटर ऐवज कोसळला होता. त्यात जवळपास 80 टक्के खडक आणि 20 टक्के बर्फ होता. घर्षणाच्या उष्णतेने बर्फ वितळला आणि खडकाच्या चुऱ्यासह तो लोंढा ऋषिगंगेत उतरला. तिथे फुटायला सरोवरच नव्हते.

सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक येथे सरोवर होते आणि धोकाही ठाऊक होता. 2016 साली नळ टाकून त्यातले पाणी कमी करण्याचा प्रयत्न झाला. पण 3 ऑक्टोबर 2023 च्या रात्री काठावरचा गोठलेला पार्श्व हिमोढ सरोवरात कोसळला. उठलेल्या प्रचंड लाटेने पुढचा बांध फोडला आणि चुंगथांगचे तिस्ता-3 धरण वाहून गेले. शंभराहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. हिमालयातील सरोवरांच्या पाण्याच्या पातळीबरोबरच त्यांच्या काठांमधील पर्माफ्रॉस्टचे तापमानही नियमित मोजले गेले पाहिजे.