सिगारेटच्या जाहिरातीतून वाचलेलं रॉक

आत्माराम भेंडे म्हटलं की बबन प्रभूंबरोबरचे फार्स आठवतात. त्यांच्या पत्नी आशा भेंडे रंगभूमीवर जितक्या सहज वावरल्या, तितक्याच लोकसंख्याशास्त्रातही. माहेरच्या त्या लिली एझिकेल, म्हणजे कवी निस्सीम एझिकेल यांच्या भगिनी. अशा घरातला मुलगा नट होईल, कवी होईल, फार तर नाट्यगीतं म्हणेल. नंदू भेंडे रॉक गायक झाले. ब्रेख्तवरून पु. ल. देशपांड्यांनी लिहिलेलं ‘तीन पैशाचा तमाशा’ जब्बार पटेलांनी १९७८ मध्ये रंगमंचावर आणलं, त्यात नंदू होते. त्याआधी, १९७४ मध्ये, अलेक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये त्यांनी ज्यूडास केला होता. पण त्यांच्या सुरुवातीच्या दिवसांतला मुंबईचा बँड ‘व्हेल्वेट फॉग’ आज ऐकायला मिळतो, तो एका सिगारेटमुळे.

‘सिमला’ नावाची ही सिगारेट इम्पीरियल टोबॅको कंपनीची. तरुणांपर्यंत पोचायला कंपनीने साठच्या दशकाच्या अखेरीस ‘सिमला बीट’ ही बँडची स्पर्धा सुरू केली. मुंबईतली फेरी षण्मुखानंद सभागृहात व्हायची. मद्रासचे कन्फ्यूजन्स, शिलाँगचे फेन्टोन्स, कलकत्त्याचे ग्रेट बेअर असे देशभरातले बँड या स्पर्धेत वाजवून गेले. १९७० आणि १९७१ या दोन वर्षांच्या स्पर्धकांची एकेक एलपी निघाली. तंबाखूच्या प्रचारासाठी काढलेल्या या दोन तबकड्या म्हणजे त्या काळच्या भारतीय सायकेडेलिक रॉकचा सर्वांत मोठा शिल्लक पुरावा. फेन्टोन्सनी तर स्पर्धेच्या नावाचीच धून केली होती. जाहिरात म्हणून ती हास्यास्पद आहे, पण गिटार झकास वाजली आहे.

सायकेडेलिक म्हणजे नेमकं काय, हे या तबकड्यांवर लगेच कळतं. गिटारचा आवाज ‘फझ’ यंत्रातून इतका वाढवतात की विद्युतलहरीची टोकं कापली जातात आणि सूर फाटल्यासारखा ऐकू येतो. एरवी ध्वनिमुद्रण करणारा ज्याला दोष म्हणेल, तोच इथे अलंकार. त्यात पायाखालच्या ‘वाह-वाह’ पेडलने सुराचा रंग सतत बदलत ठेवायचा आणि ऑर्गनचा लांबलेला ताण द्यायचा. परदेशी सामान परवडण्याजोगं नव्हतं, त्यामुळे कित्येकांनी इथल्या कारागिरांकडून ॲम्प्लिफायर बनवून घेतले. त्या ओबडधोबडपणातच या संगीताची अर्धी मजा आहे.

मग अशा एलपी डझनांनी का निघाल्या नाहीत? रेकॉर्ड कंपन्यांचं पोट सिनेमाच्या गाण्यांवर भरत होतं. इंग्रजी गाणाऱ्या देशी बँडसाठी स्टुडिओचा वेळ आणि व्हिनाइल खर्च करायला त्या नाखूष असत. बँडची कमाई हॉटेलांत आणि नाइटक्लबांत. तिथे ग्राहकाला बाहेरची गाजलेली गाणी हवी असत, स्वतः रचलेलं गाणं म्हटलं की लोक जेवणाकडे वळत. ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ या मुंबईच्या बँडचं ‘ऑब्सेशन ’७७’ हा ठळक अपवाद. पण ते बाजारात आलं तोवर ऐंशीचं दशक उजाडलं होतं आणि सगळीकडे डिस्को वाजत होता. कुणी लक्षच दिलं नाही. तीस वर्षांनी, २०११ मध्ये, अमेरिकेतल्या ‘नाऊ-अगेन’ या कंपनीने ते पुन्हा काढलं, तेव्हा त्याच्या मूळ प्रतींसाठी संग्राहकांची धडपड चालली होती. ‘सिमला बीट’चं पुनर्मुद्रणही परदेशातच झालं, जर्मनीत. आपल्या गाण्यांची कदर आपल्याकडे होत नाही अशी तक्रार करायला ही जागा बरी आहे, पण मूळ प्रती मुंबईच्या चोरबाजारातल्या जुन्या सामानात वर्षानुवर्षं पडून होत्या आणि आपण त्यांच्याकडे पाहत नव्हतो, हेही खरं.

पंक या रागीट रॉकची गोष्ट वेगळी. न्यूयॉर्कच्या रमोन्सचा पहिला अल्बम १९७६ चा. त्या वर्षी आपल्याकडे आणीबाणी होती, म्हणजे संतापाला तोटा नव्हता. तरी पंक इथे रुजलं ते फार उशिरा, या शतकात. मुंबईच्या ‘द रायट पेडलर्स’सारखे बँड तेव्हाचे. माझ्या मते तो राग आपल्याकडे वाजवला गेला नाही, छापला गेला. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह १९७२ चा, रमोन्सच्या चार वर्षं आधीचा. अनियतकालिकांची स्वस्त सायक्लोस्टाइल पानं आणि पंकवाल्यांनी स्वतः काढलेली फोटोकॉपीची पत्रकं शेजारी ठेवून पाहा.

आणि कविता व रॉक या दोन्ही जगांत एकाच वेळी वावरलेला माणूस आपल्याकडे होता: अरुण कोलटकर. ‘जेजुरी’चा कवी म्हणून आपण त्यांना ओळखतो. साठच्या दशकाच्या शेवटी आणि सत्तरच्या सुरुवातीला ते इंग्रजी गाणीही लिहीत होते, अर्जुन शेजवळांकडे पखवाज शिकत होते. १९७३ च्या सुमारास काही गाण्यांचं नमुना-ध्वनिमुद्रणही झालं. अल्बम मात्र निघाला नाही. गाण्यांचे शब्द २००९ मध्ये अरविंद कृष्ण मेहरोत्रांनी संपादित केलेल्या ‘द बोटराइड अँड अदर पोएम्स’मध्ये छापले गेले. दुर्लक्षित अल्बमांच्या यादीत मी पहिला क्रमांक या न निघालेल्या अल्बमला देईन.

आता शोधायचं कसं? मोबाइलवर ‘सिमला बीट’ किंवा ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ लिहिलं, की बरंच काही समोर येतं. ‘व्हेल्वेट फॉग’ शोधताना मात्र सावध राहा. बर्मिंगहॅमच्या जवळजवळ त्याच नावाच्या बँडचा १९६९ चा अल्बम आधी हाती लागतो, आणि तो ऐकून ‘मुंबईची पोरं काय वाजवत होती!’ म्हणणारेही भेटतात. नावापेक्षा वादकांची यादी, कंपनी आणि वर्ष पाहावं. एक अल्बम आवडला की त्याच्या मलपृष्ठावरच्या बारीक अक्षरातली नावं टिपून ठेवायची आणि प्रत्येक नाव पुन्हा शोधायचं. ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’चे गायक मधुकर धस यांचा माग काढलात, तर त्याच ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’पाशी पोचाल. तिथे ते जीझस होते. वाचायला सिद्धार्थ भाटियांचं ‘इंडिया सायकेडेलिक’ हे २०१४ चं पुस्तक आहे. ते इंग्रजीत आहे. मराठीत असं पुस्तक कुणी लिहिलं तर मी पहिली प्रत विकत घेईन.